दारं कुणी धरली

सारजाबाईला ओव्या येतात हे वरकुट्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ओवीला अर्थ असतो, तो शिकलेल्या माणसानं सांगायचा असतो आणि पुस्तकात छापला की तोच खरा धरायचा असतो, हे तिला साठी उलटल्यावर कळलं.

मेघना मॅडम बारामतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायच्या. बायकांच्या ओव्या गोळा करायचं त्यांनी मनावर घेतलं आणि गाडी घेऊन गावोगाव हिंडायला लागल्या. बाई मनानं चांगली. डाळिंबाच्या बागेत खुरपणाऱ्या बायकांमागं मोबाईल धरून भर उन्हात फिरली, चपला चिखलात रुतल्या तरी कुरकुरली नाही, भागुबाईच्या फडक्यातली भाकरी मागून घेऊन खाल्ली. फक्त तिचा सगळा जन्म नळाच्या पाण्यावर गेलेला. रानाला पाणी कसं जातं हे तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नाही हे तिला ठाऊकही नव्हतं.

सारजानं सांगितलेल्या ओव्यांत एक ओवी मॅडमच्या काळजाला भिडली. पुन्हा पुन्हा म्हणून घेतली.

जल्मभर धरली दारं, माझ्या बाई,
एक बी दार कुनी उघडलं न्हाई.

"तुमचे यजमान काय काम करायचे, आजी?" मॅडमनी विचारलं.

"आमचं मालक पाण्यावर आसायचं," सारजा म्हणाली.

मॅडमनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. वरकुट्यापासून काही कोसांवर उजनीचं पाणी पसरलेलं आहे. तिथं होड्या चालतात, माणसं जाळी टाकतात. पाण्यावर असायचे म्हणजे मासे धरायला जायचे, एवढा अर्थ मॅडमनी जागच्या जागी लावून टाकला. त्यांनी विचारलं नाही आणि सारजानं सांगितलं नाही. रोजच्या गोष्टी सांगाव्या लागतात हे कुणाच्या डोक्यात येतं?

तर त्या रोजच्या गोष्टी. पाटाचं पाणी चारीतून रानात येतं आणि सरीसरीतून पुढं सरकतं. एक सरी भरली की खोऱ्यानं चिखल ओढून तिचं तोंड बांधायचं आणि शेजारच्या सरीचं तोंड फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. गुडघाभर चिखलात, उसाच्या पात्यांनी तोंड कापून घेत, पाण्याच्या मागं मागं चालत राहायचं. पाळी रात्रीची असो की दिवसाची, पाणी थांबत नाही, म्हणून माणसालाही थांबता येत नाही. ज्याची जमीन असते तो पहिली काही वर्षं स्वतः धरतो. मग बरे दिवस येतात आणि गडी ठेवतो. त्या गड्याला विचारलं, काय करतोस, तर तो सांगतो, पाण्यावर असतो.

सारजाचा नवरा ज्ञानू असाच पाण्यावर होता. स्वतःचं वावर म्हणून नव्हतं. बागायतदार सोपानतात्याच्या वस्तीवरची तीन घरं आणि तिघांचीही दारं त्यानं धरली. अंगानं सडपातळ, बोलायला मुखदुर्बळ. त्याच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं, पोरपणी गुऱ्हाळाच्या चरकात गेलेलं. पाय कायम पांढरे आणि फुगलेले. सारजा गोडेतेल कोमट करून पायांना चोळायची आणि म्हणायची, "ह्या पायांनी येक दिवस तुमी वाहून जाशीला." तो नुसता हसायचा. दारूला शिवत नव्हता. त्याला व्यसन काय ते कोऱ्या चहाचं, आणि तोही कुणी दिला तर.

तो गेला तेव्हा थंडीचे दिवस होते. उजाडता उजाडता तात्याच्या उसात त्याला नाग चावला. तो सापडला तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं. चारीच्या कडेला पालथा पडलेला, खोरं अंगाखाली. पोटरीवर दातांच्या खुणा होत्या. पाणी मात्र दारं फोडून वाट मिळेल तसं रानभर पसरलं होतं. गाव म्हणालं, चावला तिथंच पडला बिचारा, हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही. सारजालाही तेच खरं वाटलं. वाटून घेतलं म्हणा.

सोपानतात्यानं मोठेपणा दाखवला. दिवसकार्याचा सगळा शिधा त्याच्या घरून आला. पावसाळ्यात सारजाचं गावठाणातलं पत्र्याचं खोपट उडालं, तेव्हा त्यानं वस्तीवरची पक्की खोली दिली. नवऱ्यानं टाकलेली तिची लेक अनिता माघारी आली, तर तात्याच्या पोरानं, ऋषिराजनं, तिला डाळिंबाच्या पॅकहाऊसात लावून घेतली. गाव अजून सांगतं, तात्यानं गड्याच्या माघारी त्याचं घर वाऱ्यावर सोडलं नाही.

पण त्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट घडली होती, ती गावाला ठाऊक नव्हती. ज्ञानूचं तेरावं उरकलं आणि सारजा तात्याच्या घरी धुण्याभांड्याला परत जायला लागली. पहिल्याच दिवशी तात्याची बायको म्हणाली, "सारजा, मागच्या दाराला कसला चिखल लागलाय बग. पुसून काढ तेवढा."

सारजा बादली आणि फडकं घेऊन मागच्या दाराशी गेली. चिखल वाळून खडखडीत झालेला. एकावर एक उठलेले हात होते. वर, मग थोडे खाली, मग उंबऱ्यापाशी अगदी खाली. प्रत्येक हाताला साडेतीन बोटं आणि अंगठा.

ती तिथंच बसली. नाग चावलेला माणूस रानातून चालत घरापर्यंत आला होता आणि दार उघडलं नाही तसा माघारी रानात जाऊन पडला होता. दारात जीपगाडी उभी असायची, दवाखाना वाटेवर होता. मरतानासुद्धा तो गड्याच्याच दारात गेला, मागच्या. पुढच्या दारावर थाप मारायचं त्याच्या डोक्यात आलं नाही, याचाच सारजाला सगळ्यात जास्त राग आला. तात्याचा नाही, त्याचा. मेल्या, आज तरी पुढं जायचं होतंस, असं ती त्या हाताला म्हणाली. आतून तात्याच्या बायकोनं विचारलं, "निगतोय का गं?" सारजानं फडकं भिजवलं आणि नवऱ्याचे हात एकेक करून पुसून काढले. दुसरं काय करणार होती? पोट तिथंच होतं.

परत जाताना तिनं वस्तीवरची बाकी दोन दारं पाहिली. एका लोखंडी दारावर चिखलाचा पापुद्रा तसाच होता. दुसरं कुणीतरी नुकतंच घासून धुतलेलं होतं.

तिनं कुणाला काही विचारलं नाही. मनाची समजूत घातली. पहाटेची साखरझोप, शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीचा आवाज, तात्याचे कान तसेही जड. ऐकू आलं नसेल. ऐकू आलं असतं तर उघडलं असतं, असं कसं नाही उघडणार? ही समजूत तिनं रोज नव्यानं घातली, तिच्याच जोरावर त्यांच्या घरी भांडी घासली, त्यांच्या खोलीत राहिली. माणूस असा जगतो. पण खुरपताना एक दिवस तोंडातून ओवी आली ती आलीच. मांडीला मांडी लावून खुरपणाऱ्या बायकांचे हात थांबले. भागुबाईनं तिच्याकडं पाहिलं, डोळे पुसले आणि खुरपायची पुढची पात धरली. कुणी अर्थ विचारला नाही. वरकुट्यात अर्थ विचारायची गरजच नव्हती.

पुस्तक छापून झालं तशा मेघना मॅडम ते घेऊन खोलीवर आल्या. सारजाचा फोटो होता. फोटोखाली ओवी आणि ओवीखाली अर्थ. मॅडमनी वाचून दाखवला. पती जलाशयावर मासेमारीसाठी गेलेला आहे. त्याची वाट पाहत ही स्त्री जन्मभर दाराची चौकट धरून उभी आहे. पण ज्याच्यासाठी ती उभी आहे, तो येऊन दार उघडत नाही. पाण्यावर राबणाऱ्या माणसाच्या विरहिणीचं हे आर्त आहे.

मॅडमचा तरी काय दोष म्हणा. मराठीची एक खोड आहे. दारं धरली म्हटलं की दारं कळतात, धरणं कळतं, पण धरणारा कोण ते कळत नाही. बाई की गडी, वाक्य सांगतच नाही. मॅडमनी बाई धरली, कारण समोर बाई बसली होती.

सारजाला आधी हसू आलं. ज्ञानू आणि मासे! त्याला धड पोहता येत नव्हतं. मग हसू गेलं. आपण उभ्या जन्मात चौकट धरून कधी उभ्या राहिलो, तेवढी फुरसत कुणी दिली होती, असं तिला वाटलं. आणि मग जे वाटलं ते वाईट होतं. ज्ञानूचं या जगात राहिलेलं काय होतं? जमीन नाही, पोरगा नाही, फोटो नाही. दारावरचे हात तिनंच पुसले. उरली होती ती ही एवढी ओवी, आणि तीही आता तिच्याच नावावर झाली होती.

"मॅडम, त्ये..." तिनं सुरुवात केली.

"आई, च्या सांडंल," अनितानं मध्येच म्हटलं आणि कप पुढं केला.

मॅडम गेल्यावर अनिता तिच्यासमोर बसली. "हाय त्ये बरं हाय. पुस्तकात आलाय तोच आर्थ ऱ्हाऊ दे. पुस्तकाचा कारेक्रम ऋषिराजभाऊ करत्यात, मांडव त्येंचा, शाल बी त्येच देनार. तू तितं काय बोललीस तर माजं काम जाईल आन् डोक्यावरचं छप्पर बी."

"मी कवा काय बोलले?"

"आजवर न्हाय बोललीस. तशीच ऱ्हा. म्येलेला मानूस म्हागारी येनार हाय का?"

अनिताचं खरंच होतं. पोरीचे हात डाळिंबं पुसून पुसून फाटले होते, तरी ती बंदिस्त छपराखाली उभी राहून काम करत होती. दारं धरत नव्हती, खुरपत नव्हती. एवढ्यासाठी सारजानं ती सगळी वर्षं गिळली होती.

प्रकाशन गावातच झालं, शाळेच्या पटांगणात. ऋषिराजनं झकास मांडव घातला होता. पहिल्या रांगेत सोपानतात्या खुर्चीत बसला होता, पांढरा फेटा, गुडघ्यांत काठी. मेघना मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी ओवी म्हटली, चांगली म्हटली, आणि मग अर्थ सांगायला सुरुवात केली. जलाशय, होडी, चौकट, वाट.

मांडवात एवढी माणसं होती आणि त्यातल्या प्रत्येकाच्या हाताला कधी ना कधी खोरं लागलेलं. दारं धरणं म्हणजे काय हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कुणी हूं की चूं केलं नाही. कुणी चपलेकडं पाहत होतं, कुणी मोबाईलकडं. वस्तीवरच्या लोखंडी दाराचा मालक मांडवाचं कापड बघण्यात गढून गेला. मॅडमचं बोलणं संपल्यावर पहिली टाळी ऋषिराजनं वाजवली. तो कॉलेजात जाईपर्यंत बापाच्या रानात दारं धरायला होता.

तोपर्यंत सारजा ठरवून गप्प होती. ती टाळी ऐकली आणि तिनं मान वर करून ऋषिराजकडं पाहिलं. हा पोरगा ज्ञानूच्या खांद्यावर बसून शाळेत गेला होता.

शाल पांघरून झाली. मॅडम प्रेमानं म्हणाल्या, "आजी, तुमच्या ओवीबद्दल तुम्हीच दोन शब्द सांगा ना." आणि माईक तिच्या तोंडापुढं धरला. अनिता बायकांच्यात बसली होती. तिनं पदराचं टोक दातात धरलं.

"मॅडम म्हनत्यात त्ये बराबर हाय," सारजा म्हणाली. आवाज माईकमधून मोठा आला तशी ती जरा थांबली. "दारात मानूस हुबं ऱ्हायलं हुतं. लई येळ हुबं ऱ्हायलं. पर ती मी न्हवं."

मांडवातल्या माना एकेक करून पहिल्या रांगेकडं वळल्या.

"आन् आमचं मालक मासं धरत न्हवतं. हितल्या रानांना पाणी द्यायचं. दारं त्येंनी धरली."

तिनं माईक मॅडमच्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसली. मॅडमचा चेहरा गोंधळला. त्या काहीतरी विचारणार होत्या, पण ऋषिराजनं आभार मानायला सुरुवात केली. नंतर पंगती बसल्या. सारजाच्या शेजारी येऊन बसली ती एकटी भागुबाई. तिनं आपल्या पानातली जिलेबी उचलून सारजाच्या पानात टाकली आणि खाली मान घालून जेवली.

दुसऱ्या दिवशी अनिताला पॅकहाऊसाच्या फाटकातूनच सांगितलं गेलं, सध्या माल कमी आहे, चार दिवस थांब. आत डाळिंबांचे क्रेट उतरत होते. ती तशीच घरी आली. उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून दार लावून दोघी आत बसल्या. दुपार कलता कलता बाहेर काठी वाजली.

"सारजा, दार उघड."

सोपानतात्या होता. अनिता चटकन उठली. सारजा तिच्या आधी दारापाशी गेली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली.

"काय म्हननं आसंल त्ये भायरनंच सांगा, तात्या."

"आई, उघड," अनिता दबक्या आवाजात म्हणाली. "पाया पडते तुज्या."

तात्या बाहेरून बोलू लागला. "त्या मॅडमला फोन लाव. म्हनावं, म्हातारपनी तोंडाला आलं त्ये बोलले. पुस्तकात छापलंय तसंच ऱ्हाऊ दे. उद्यापासनं पोरीला कामाव पाठव. खोली तुजीच हाय, तू मरंस्तवर."

"मी तुमचं नाव घितलं का तात्या?"

"घ्याया लागतंय व्हय? समद्या मांडवानं माज्याकडं बगितलं."

सारजानं कपाळ दाराला टेकवलं. लाकूड उन्हानं तापलं होतं. "मी तर इतकी वर्सं म्हनत आले, तुमाला आयकू आलं नसंल. कान जड हायेत तात्याचं. झोपंत आसत्याल. आयकू आलं आसतं तर उघडलं आसतं."

तिला वाटलं, आता हा व्हय म्हणेल. तिला ते हवंसुद्धा होतं. त्यानं व्हय म्हटलं असतं तर तिनं कदाचित फोनही लावला असता.

बाहेर काठी उंबऱ्याला टेकली. मग तात्या म्हणाला, "आयकू आलं. खिडकीतनं बगितला की मी त्येला. झुकांड्या खात हुता. डोळं मिटत हुतं. तात्या तात्या म्हनायचा, पर जीभ जड झाल्याली. मला वाटलं प्यालाय. घरात पाव्हनं हुतं, त्येंच्या म्होरं त्यो तमाशा कुनाला पायजे? म्हनलं, जाईल जरा येळानं."

"त्यो पीत न्हवता, तात्या."

"ठावं हुतं मला," तात्या म्हणाला. "ठावं आसून बी तसंच वाटलं."

अनिता भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. तिनं आता उघड म्हटलं नाही.

सारजाला रडू आलं नाही. एवढी वर्षं रोज घातलेली ती समजूत तिच्या अंगावरून गळून पडली आणि आत नुसता थकवा राहिला. तो दारात होता आणि हा खिडकीत. दोघांच्या मध्ये काय होतं? तिनं कडीकडं पाहिलं. एक लोखंडाची कडी, बोटभर लांब.

तिनं ती काढली. दार मागं लोटलं, भिंतीला लागेपर्यंत. उन्हात तात्या उभा होता, फेटा नव्हता, डोक्यावरचे विरळ केस घामानं चिकटलेले. एकदम उघडलेल्या दारामुळं तो एक पाऊल मागं सरला.

"आसं उघडायचं आस्तं, तात्या," सारजा म्हणाली. "येक कडी काढायची. बास."

तो उंबऱ्यापाशीच राहिला. तो काहीतरी म्हणत होता, पण ते आत नीट ऐकू येत नव्हतं. सारजानं दार लावलं नाही. ती आत वळली, माळ्यावरचं पोतं ओढून काढलं आणि फळीवरची भांडी एकेक करून त्यात भरायला लागली.